शून्य ओळींचा एरर

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.५५

नवी वही. नवं पेन. नवा मी.

आज ऑफिसात आल्या आल्या २१४ ओळींचा एरर वाचला. (पुढेमागे आत्मचरित्र लिहायला घेतलं तर संदर्भ लागेल, म्हणून सोपं करून लिहितो. प्रोग्राम कोसळला की कोसळता कोसळता एक यादी ओकतो: मला या ओळीने बोलावलं, तिला त्या ओळीने, तिला पलीकडच्या फाइलमधल्या तिसरीने. याला स्टॅक ट्रेस म्हणतात. पकडलेला चोर अख्ख्या खानदानाची नावं घेतो, तसं.) २१४ ओळींत कामाची ओळ एक. ती सापडेपर्यंत दोन कप चहा झाला, आणि सापडली तेव्हा आपण ती कशासाठी शोधत होतो ते विसरलो.

त्याच क्षणी कल्पना सुचली. एरर आला की वरच्यावर झेलायचा, धुऊनपुसून लख्ख करायचा आणि फक्त कामाचं तेवढं दाखवायचं. असं टूल जगात नाही. असलं तर मला माहीत नाही. आणि शोधणारही नाही, कारण मग सुचल्याची मजा जाते.

महिनाअखेरीस टीम लीड ठरणार, असं मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. म्हणजे मी दाराजवळ बसलो होतो आणि ते दाराकडे बघत होते, पण अर्थ तोच.

संकल्प: टूल चार दिवसांत पूर्ण. रोज अर्धा तास चालणं. भिंगांशी वाद नाही.

४ मार्च, मंगळवार

टूलचं नाव ठरलं: निर्मळ. सकाळ त्यात गेली. दुपार लोगोत गेली. झाडू की पाण्याचा थेंब? शेवटी थेंबाच्या हातात झाडू दिला.

लिहिलेला कोड: शून्य ओळी. पाया पक्का.

चालणं: लिफ्ट बंद होती, त्यामुळे झालं.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४

निर्मळ चालू झालं! २१४ ओळी घातल्या, ६१ बाहेर आल्या! बाकीच्या सगळ्या उसन्या लायब्ररींच्या होत्या. खुर्चीवरच एक गिरकी घेतली. शेजारच्याचा पेनस्टँड पडला.

भिंग आल्या. भिंग म्हणजे आमच्या टेस्टर बाई. पाठीमागे सगळे भिंग म्हणतात, समोर मॅडम. बाईंना चूक शोधायचा पगार मिळतो आणि त्या तो फारच मनावर घेतात. त्यांनी विचारलं, एरर झेलल्यावर काय करता? मी म्हटलं, स्वच्छ करतो. म्हणाल्या, मग? म्हटलं, साठवतो. म्हणाल्या, मग? मग काय मग! एरर झेलला म्हटल्यावर प्रोग्राम पुढे जाणार, आनंदाने. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्याकडेही वही आहे. माझी जास्त चांगली आहे.

वाद घातला नाही. फक्त त्या गेल्यावर मनात पाच मिनिटं बोललो. फार मुद्देसूद बोललो.

१० मार्च, सोमवार

निर्मळ लाइव्ह गेलं. चाळीस दाताच्या दवाखान्यांत.

आमचं सॉफ्टवेअर या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट घेतं. पेशंट मोबाइलवर नाव टाकतो, वेळ निवडतो, हिरवी टिक येते. पूर्वी मध्येच लाल चौकट यायची: काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. आधीच दुखरी दाढ, त्यात लाल चौकट! आता चौकट येतच नाही. निर्मळ एरर आतल्या आत झेलतं, पेशंटला सरळ हिरवी टिक. लाल चौकटीच्या तक्रारी आजच्या दिवसात शून्य.

मॅनेजरांनी पाठ थोपटली. डाव्या खांद्याजवळ. तो शर्ट आज धुवायला टाकला नाही.

११ मार्च, मंगळवार

६१ वरून १९. डेटाबेसच्या ओळी काढल्या, तो डेटाबेसवाल्यांचा प्रश्न.

१९ वरून ७. यात एक सूक्ष्म निरीक्षण आहे, ते मुद्दाम नोंदवतो. जवळजवळ प्रत्येक ट्रेसच्या माथ्यावर एकच ओळ दिसत होती: माझीच एक जुनी फाइल, ओळ ४८. रोज तीच, दर वेळी तीच. आता जी गोष्ट रोजच दिसते तिला बातमी म्हणत नाहीत. तो कोड मी गेल्या वर्षी स्वतः लिहिलाय, त्यात काय असणार? काढली.

उरलेल्या सात ओळी इतक्या सुबक दिसतात की वाचाव्याशा वाटत नाहीत, नुसत्या बघत बसाव्याशा वाटतात.

१२ मार्च, बुधवार

सासूबाई आठ दिवसांसाठी राहायला आल्या. त्यांची डावी दाढ ठणकतेय. बायको म्हणाली, जवळच्या दवाखान्यात फोन करते. मी तिला थांबवलं. जावई ज्या सॉफ्टवेअरवर बसलाय त्याच्याच दवाखान्यात जायचं आणि फोन करायचा? मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी एकेक अक्षर शोधत स्वतःचं, सासऱ्यांचं आणि मग आडनाव, असं पूर्ण नाव टाकलं. अर्धवट नाव टाकायला मी काय पळून आलेय का, म्हणाल्या. हिरवी टिक आली! शुक्रवार, सकाळी अकरा.

जावईबापू, तुम्ही फार मोठं काम करता हो, असं म्हणाल्या. बायको समोर होती. तिने ऐकलं. ऐकलं नसेल तर, म्हणून जेवताना मी पुन्हा सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार

सासूबाई परत आल्या. तपासणी झालीच नाही. यादीत नाव नाही, असं रिसेप्शनिस्टने सांगितलं म्हणे. उघड आहे, सासूबाई दुसऱ्याच दवाखान्यात गेल्या असणार. मी शांतपणे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, बोर्ड तोच होता. म्हटलं, बोर्ड सारखे असतात. म्हणाल्या, खालचा फोन नंबरही तोच होता. मी विषय बदलला. दुखणं असलं की माणूस हट्टी होतो.

नवी अपॉइंटमेंट: सोमवार. हिरवी टिक. टिक खोटं बोलत नाही.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ११

सुट्टी असूनही ऑफिसात. एकाग्रता कमालीची. ७ वरून १!

आता कुठलाही एरर येवो, पडद्यावर एकच ओळ येते: "एरर आला." किती स्वच्छ! किती थेट!

भिंगही आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठला एरर? कुठे आला? कशामुळे आला? म्हटलं, मॅडम, हे तपशील झाले. त्या म्हणाल्या, निदान मूळ ट्रेस कुठेतरी राहू द्या, बघायला लागतील. मी म्हटलं, घर झाडल्यावर केर कोणी कपाटात जपून ठेवतं का? हे वाक्य मला जागच्या जागी सुचलं. त्यांनी वही उघडली.

(नंतर कळलं, त्यांनी मॅनेजरांकडून परवानगी काढून मूळ ट्रेसची कॉपी आपल्या मशीनवर वळवून घेतलीय. घेऊ देत. केराचा शौक असतो एकेकाला.)

१७ मार्च, सोमवार

सासूबाई पुन्हा परत. गाल आता टेबल टेनिसच्या चेंडूएवढा. बोलणं कमी झालंय, पण बघणं वाढलंय.

त्या सांगत होत्या की वेटिंग रूममध्ये त्यांच्यासारखे आणखी अकरा जण होते. मोबाइलवर टिक, यादीत नाव नाही. एक आजोबा तर काउंटरवर काठी आपटत होते. मी बारकाईने चौकशी केली: अकरापैकी म्हातारे किती? म्हणाल्या, सगळेच. आलं लक्षात! तारीख विसरतात. बिचारे.

तातडीने दवाखान्यांसाठी चार पानी पीडीएफ बनवलं: ज्येष्ठ नागरिकांना प्रेमाने कसे समजवावे. पान तीनवर थेंबाचं चित्र.

बायको म्हणाली, आईला तिसऱ्यांदा पाठवायचं असेल तर तू सोबत जायचंस. तत्त्वतः मान्य केलं. या आठवड्यात मात्र डेमो आहे. गुरुवारी डायरेक्टर येणार, शिवाय बारा शाखांच्या मालकीण असलेल्या मोठ्या डेंटिस्ट बाई येणार. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांग, माझ्या सासूला बघा. विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

सासूबाई सूप पितायत. स्ट्रॉने.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ३.२०

शून्य!

झालं असं: पडद्यावर "एरर आला" ही ओळ तीनशे वेळा आली होती. डोळ्यांना ते बरं दिसेना. मग नियम टाकला: एकच ओळ पुन्हा पुन्हा आली तर ती दाखवायची नाही. आणि पडदा कोरा झाला. पांढराशुभ्र! वर थेंब, खाली आकडा: ०.

पाऊण तास बघत बसलो. मग मॅनेजरांना बोलावलं. तेही बघत बसले. मग त्यांनी केक मागवला. सगळ्या मजल्याने खाल्ला. टीम लीड झालो की पहिलं भाषण काय करायचं, ते केक खाता खाताच सुचलं. जरा लांबलंय, पण कुठलीच ओळ गाळावीशी वाटत नाही.

भिंगांनी केक घेतला नाही. मशीनवर काहीतरी वाचत बसल्या होत्या. वाचून वाचून डोळे लाल.

१९ मार्च, बुधवार

सपोर्टला ६३ फोन. मॅनेजर जरा घाबरलेले. त्यांना पडदा दाखवला: ०. त्यांना बरं वाटलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला, पुन्हा घाबरले. पुन्हा पडदा दाखवला. दिवसभर हेच. शेवटी त्यांना पडद्याचा फोटोच काढून दिला, जवळ ठेवायला.

सपोर्टच्या बाई म्हणाल्या, फोन करणाऱ्यांत काही तरुणही आहेत. एकाचं आडनावच दोन शब्दांचं होतं, तोही चिडला होता. मी म्हटलं, लांब आडनावाची माणसं तापट असतात.

चालणं: मॅनेजरांच्या केबिनपर्यंत अकरा फेऱ्या. संकल्प पूर्ण!

२० मार्च, गुरुवार

नंतर लिहीन.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

लिहितो. मन शांत आहे. ज्यांचं मन शांत नसतं ते असं लिहू शकत नाहीत.

डेमो सुरेख सुरू झाला. डायरेक्टर पहिल्या रांगेत. मी म्हटलं, पूर्वी एरर आला की २१४ ओळी यायच्या, आज शून्य. टाळ्या! मोठ्या डेंटिस्ट बाई म्हणाल्या, आमच्या काउंटरवर तर आठवडाभर भांडणं चाललीयत. मी म्हटलं, बाई, तुमच्या शंकेला पुरावा हेच उत्तर. आत्ता, इथे, तुमच्याच दवाखान्यात, तुमच्याच नावाने अपॉइंटमेंट घ्या. हे भाषणात नव्हतं. उत्साहात बोललो.

बाईंनी मोबाइल घेतला, नाव टाकलं. डॉक्टर, मग नाव, मग आडनाव. हिरवी टिक! मी मोबाइल उंच धरून सगळ्यांना दाखवला. टाळ्या! मग मीच म्हटलं, लावा फोन तुमच्या रिसेप्शनला, स्पीकरवर ठेवा.

इथे थांबता आलं असतं.

बाईंनी विचारलं, उद्या दहा वाजता माझ्या नावाची अपॉइंटमेंट आहे का बघ गं. पलीकडून खटखट ऐकू आली. मग रिसेप्शनिस्ट म्हणाली, नाही मॅडम, उद्या दहाची वेळ रिकामी आहे. मी म्हटलं, नीट बघायला सांगा. ती म्हणाली, नीटच बघतेय, आणि मॅडम, त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी पाठवलेलं ते म्हाताऱ्यांना समजवायचं पीडीएफ मी इथल्या आजोबांना दाखवलं, तर त्यांनी ते फाडलं.

डायरेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी थेंबाकडे बघितलं.

मग मागून भिंग उठल्या. शांतपणे म्हणाल्या, परवानगी असेल तर एक मिनिट निर्मळ बंद करू का? मॅनेजर हो म्हणाले.

त्यांनी निर्मळ बंद केलं आणि आपल्या मशीनवरचे मूळ ट्रेस पडद्यावर टाकले. पडदा भरला. खाली सरकत राहिला. सरकतच राहिला. सगळ्यात वर, प्रत्येक ट्रेसच्या माथ्यावर: माझी फाइल, ओळ ४८.

ओळ ४८ नावाचे तुकडे करते. गेल्या वर्षी मीच लिहिली. मी धरून चाललो होतो की माणसाच्या नावात दोन शब्द असतात, नाव आणि आडनाव. तिसरा शब्द आला की ओळ आडवी पडते. भिंगांनी सांगितलं की पूर्वी अशा पेशंटला लाल चौकट दिसायची, मग तो वैतागून दोनच शब्द टाकायचा आणि काम व्हायचं. आता निर्मळ एरर झेलतं आणि प्रोग्रामला सांगतं, सगळं ठीक आहे, चल पुढे. अपॉइंटमेंट साठवली जात नाही, टिक मात्र येते. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. ओरडल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मोठ्या डेंटिस्ट बाईंनी विचारलं, अशा किती? भिंग म्हणाल्या, दहा दिवसांत चारशे बारा.

डेमोची शेवटची स्लाइड, जिच्यावर "धन्यवाद" आणि थेंब आहे, ती दाखवायची राहिली.

२१ मार्च, शुक्रवार

मीटिंग. मी सुरुवातीलाच म्हटलं की याकडे आपण शिकण्याची संधी म्हणून बघू या. डायरेक्टर म्हणाले, बसा.

टीम लीड: भिंग.

मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, आधी लोकांना फोन करू या. चारशे बारा जणांची यादी त्यांनी हिरव्या टिकसोबत पेशंटला जाणाऱ्या मेसेजवरून काढली. निम्मी टीमला वाटली. निम्मी मला.

घरी काही सांगितलं नाही. बायकोने विचारलं, डेमो कसा झाला? म्हटलं, लोक अवाक झाले.

२२ मार्च, शनिवार

फोन. सकाळी नऊपासून. प्रत्येकाला तेच: चूक आमची होती, माफ करा, कधीची वेळ देऊ? पहिल्या दहा फोनना "तांत्रिक कारणामुळे" म्हणत होतो. अकराव्या बाईंनी विचारलं, तंत्र कोणाचं? तेव्हापासून "माझ्यामुळे" म्हणतो. फोन लवकर संपतात.

एका आजोबांनी वीस मिनिटं दाढेचा इतिहास सांगितला. काठीवाले हेच असावेत. एका बाईंनी दाढ दुसरीकडे काढून घेतलीय, ती डबीत ठेवलीय, फोटो पाठवू का, विचारलं. नको म्हटलं. पाठवला. एका गृहस्थांनी दोनदा शिव्या दिल्या, पण दुसऱ्यांदा फोन मीच चुकून लावला होता.

यादीत ५७ व्या नंबरवर तीन शब्दांचं एक नाव आलं. मधला शब्द सासऱ्यांचा. फोन लावला नाही. उठून आतल्या खोलीत गेलो. सासूबाई गालाला बर्फ लावून बसल्या होत्या. जे बाकीच्यांना सांगितलं तेच सांगितलं. चूक माझी होती, माफ करा, कधीची वेळ देऊ?

त्यांनी गालावरचा बर्फ बाजूला केला. मग म्हणाल्या, म्हणजे बोर्ड तोच होता ना?

हो म्हटलं.

म्हणाल्या, मला वाटलं, मलाच आता काही कळेनासं झालंय. दोन रात्री झोप नाही त्या विचाराने. दाढेचं काय, ती दुखतेच.

बर्फ वितळला होता, नवा आणून दिला.

२४ मार्च, सोमवार

निर्मळ काढलं. काढायला दोन मिनिटं लागली. कोणालाच काही फरक जाणवला नाही, लाल चौकट मात्र परत आली. सपोर्टच्या बाई म्हणाल्या, बरं वाटलं हो तिला बघून.

ओळ ४८ दुरुस्त केली. नावाचे तुकडेच करायचे नाहीत, आहे तसं ठेवायचं, असं भिंग म्हणाल्या. म्हणजे दिवसभरात लिहिलेला कोड: एक ओळ. ती त्यांनी सांगितली, मी टाइप केली. स्पेलिंग चुकलं. ते त्यांनीच पकडलं. मॅडम, थँक्यू, असं म्हटलं. समोर म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ११.१०

दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये बसून लिहितोय. अर्धी रजा काढली. सासूबाई आत आहेत. या वेळी फोन करून अपॉइंटमेंट घेतली. बायकोने घेतली.

काउंटरवर आता एक जाड रजिस्टर आहे. रिसेप्शनिस्ट येणाऱ्याचं नाव पेनने लिहिते. सासूबाईंनी पूर्ण नाव सांगितलं, तिने पूर्ण लिहिलं, एका ओळीत मावलं. माझ्या एका बाजूला कोणाचे तरी आजोबा, दुसऱ्या बाजूला गाल धरलेली एक कॉलेजची मुलगी. आतून मशीनचा आवाज येतोय. मध्येच सासूबाईंचा. त्या डॉक्टरांना काहीतरी समजावतायत.

रजिस्टरमधल्या रकान्यासाठी रिसेप्शनिस्टने मघाशी विचारलं, तुम्ही कोण?

डोक्यात बरंच आलं. सॉफ्टवेअर, सीनियर, चाळीस दवाखाने.

म्हटलं, यांच्यासोबत आलोय.

तिने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, बसा.